घर बदलापुरात, काम कुर्ल्यात: स्वस्त घराची खरी किंमत

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. विधानसभा निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे निर्णयाचे फटाके वाजले, बॅनर लागले. त्यानंतर २५ जानेवारी २०२५ ला एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. १ फेब्रुवारीला मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले. ९ मे रोजी बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा झाले, एसी बसचे सहाचे बारा. म्हणजे सात महिन्यांत कारवाल्याचा टोल गेला आणि बसवाल्याचे तिकीट दुप्पट झाले. या दुसऱ्या गोष्टीचे बॅनर कुणी लावले नाहीत.

आपल्या समाजातला मोठा वर्ग आज या दुसऱ्या रांगेत उभा आहे. आणि ही रांग आता दादर-परळमध्ये नाही, ती कल्याणच्या पलीकडे सरकली आहे. वरळी, नायगाव, माटुंगा लेबर कॅम्प, घाटकोपर, चेंबूर इथे ज्यांचे आजोबा-वडील राहिले, त्यांची मुले-नातवंडे आज अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, टिटवाळा, आसनगाव, नालासोपारा अशा ठिकाणी घर शोधतात. तिथे घर "परवडते" असे आपण म्हणतो. ते खरेच परवडते का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. माझ्या मते घराची किंमत आणि प्रवासाची किंमत हा एकच हिशोब आहे, आणि सरकार, बिल्डर आणि बँक तिघेही तो दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहितात. त्यामुळे कुटुंबाला काय सोसावे लागते ते कुठल्याच वहीत दिसत नाही.

एक हिशोब मांडून बघू. बदलापूर पूर्वेला स्टेशनपासून पाच-सहा किलोमीटरवर वन रूम किचन घेतलेले जोडपे धरा. तो कुर्ल्याला एका कार्यालयात हाऊसकीपिंगमध्ये, ती शीवला रुग्णालयात आया. दोघांच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे एकत्र जाणे-येणे नाही. घर ते स्टेशन शेअर रिक्षाचे एका बाजूचे २५ रुपये धरले तर माणशी रोजचे ५०. उतरल्यावर बसचे जाता-येता २० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर एका माणसाचे १,८२० आणि दोघांचे ३,६४० रुपये. यात लोकलचा पास धरलेला नाही. रात्री उशिरा शेअर रिक्षा मिळत नाही तेव्हा पूर्ण रिक्षा करावी लागते, तेही यात नाही.

आता हीच रक्कम दुसऱ्या वहीत नेऊन ठेवा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्ज घेतले तर ३,६४० रुपयांच्या हप्त्यात साधारण ४ लाख २० हजारांचे कर्ज फिटते. म्हणजे हे जोडपे घराच्या करारातल्या किमतीशिवाय आणखी चार लाखांचे न लिहिलेले कर्ज फेडते आहे. कर्ज वीस वर्षांनी संपते, रिक्षाचे भाडे संपत नाही, उलट वाढत जाते. २०२१ च्या मार्चपूर्वी रिक्षाचे किमान भाडे १८ रुपये होते. मग २१, २३ आणि आता २६. चार वर्षांत ४४ टक्के. एवढी पगारवाढ कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या कुणाला मिळाली असेल तर त्याने हात वर करावा.

रिक्षावाल्यांवर राग काढून उपयोग नाही. तोही बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो, गाडीचा हप्ता भरत असतो आणि सीएनजी किलोला ऐंशी रुपयांच्या आसपास गेलेला असतो. भाडे वाढले की प्रवासी कमी होतात, म्हणून तो तीनऐवजी चार-पाच जण बसवतो. या भांडणात दोन्ही बाजूंना गरीबच आहेत. खरा प्रश्न हा की कल्याणच्या पुढे घर ते स्टेशन या अंतरासाठी सार्वजनिक बस जवळपास नावालाच का आहे. इमारती उठल्या, लाखो माणसे राहायला आली, परवानगी देताना विकास शुल्क घेतले गेले आणि बस मात्र आली नाही.

लोकलचे भाडे तेवढे अजून आवाक्यात आहे. मुंबई परिसरातला गरीब माणूस आज टिकून आहे तो दुसऱ्या वर्गाच्या पासावर. पण त्या पासाची किंमत माणसे वेगळ्या रीतीने चुकवतात. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यात माणसे मेली. दोन दिवस चर्चा झाली ती स्वयंचलित दरवाज्यांची. माणसे दारात का लटकतात, तर काम दक्षिणेला आणि परवडणारे घर पन्नास-साठ किलोमीटर उत्तरेला म्हणून. ही चर्चा झाली नाही.

पेट्रोलचा कर आणि बाबासाहेबांचा १९२७ चा मुद्दा

मुंबईत मे २०२१ च्या अखेरीस पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली. त्यानंतर केंद्राने नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये उत्पादन शुल्क कमी केले, राज्याने जुलै २०२२ मध्ये व्हॅट कमी केला, मार्च २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर आणखी दोन रुपये उतरले. तरीही २०२५ मध्ये दर १०३ रुपयांच्या पुढेच होता. एप्रिल २०२५ मध्ये जागतिक बाजारात कच्चे तेल ६५ डॉलरच्या खाली आले होते. तेव्हा दर उतरायला हवे होते. केंद्राने त्याच वेळी उत्पादन शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढवले. पंपावरचा दर वाढला नाही म्हणून कुणाला कळले नाही, पण स्वस्ताईचा जो फायदा आपल्याला मिळायचा तो तिजोरीत गेला. त्याच दिवशी घरगुती गॅस सिलिंडर ५० रुपयांनी वाढला आणि मुंबईत ८५२.५० रुपयांना झाला.

२०२५ मध्ये मुंबईत एक लिटर पेट्रोलच्या दरात केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट मिळून चाळीस रुपयांहून अधिक कर होता. राज्याचा व्हॅट टक्केवारीने, आणि त्यावर लिटरमागे ५.१२ रुपये अधिभार. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर कमी झाले, छोट्या गाड्या आणि दुचाकी स्वस्त झाल्याच्या जाहिराती आल्या. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाहीच. गाडी स्वस्त आणि तिचे खाणे महाग, असा तो कारभार.

इथे आंबेडकरी कार्यकर्त्याला एक गोष्ट आठवायला हवी. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी करपद्धतीतला अन्याय दाखवला होता. शेतसारा कितीही लहान शेतकऱ्याला भरावाच लागतो, पीक येवो न येवो. प्राप्तिकर मात्र ठरावीक उत्पन्नाच्या खाली असलेल्याला लागत नाही. गरिबाच्या करात माफीची मर्यादा नाही आणि श्रीमंताच्या करात आहे, हा त्यांचा आक्षेप. पेट्रोलवरचा कर हा आजचा शेतसारा आहे. पंपावर उभा असलेला डिलिव्हरी करणारा पोरगा आणि मोठ्या गाडीतला मालक दोघेही लिटरमागे तेवढाच कर देतात. वर्षाला बारा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना २०२५ च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकर माफ झाला, ते चांगलेच झाले. पण महिना पंधरा हजार कमावणारा मुलगा, जो दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर मोटरसायकल फिरवतो, त्याच्या दोन-अडीच लिटरवरचा शंभर रुपयांच्या आसपासचा कर कुठल्या मर्यादेत माफ होतो? महिन्याचे होतात अडीच हजार. आपली कितीतरी शिकलेली मुले आज हेच काम करतात, आणि कंपन्या त्यांना कामगार न म्हणता भागीदार म्हणतात, म्हणजे पेट्रोल त्याच्याच खिशातून.

रेपो दर कमी झाला, कुणाचा हप्ता कमी झाला?

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. सात टक्क्यांनी घेतलेले २५ लाखांचे वीस वर्षांचे कर्ज साडेनऊला गेले की हप्ता १९,३८२ वरून २३,३०० च्या घरात जातो, जवळपास चार हजारांचा फरक. बऱ्याच बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, त्यामुळे लोकांना धक्का लगेच जाणवला नाही. पन्नाशीत संपणारे कर्ज साठीपर्यंत गेले आहे हे अनेकांनी अजून तपासलेलेही नाही. ज्यांचे गृहकर्ज चालू आहे त्यांनी बँकेकडून ताजे विवरण मागून उरलेले हप्ते मोजावेत.

२०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर एक टक्क्याने खाली आला. वर्तमानपत्रांत बातमी आली की गृहकर्ज स्वस्त. पण हे स्वस्त होणे बँकेतून कर्ज घेतलेल्यांपुरते. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची किरकोळ कर्जे बाहेरच्या दराशी, म्हणजे बहुतेक ठिकाणी रेपोशी, जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. आणि ज्याच्याकडे पगाराची पावती नाही, कंत्राटदार हातात रोख ठेवतो, किंवा स्वतःचा छोटा धंदा आहे, त्याला बँक दारात उभे करत नाही. तो जातो गृहवित्त कंपनीकडे. तिथे १३ टक्के दर लागला तर त्याच २५ लाखांचा हप्ता २९,२९० रुपये होतो. साडेआठ टक्केवाल्याचा २१,७०० च्या आसपास. घर तेच, इमारत तीच, मजलाही कदाचित तोच. फरक साडेसात हजारांचा, दर महिन्याला, वीस वर्षे. ज्याची कमाई अनिश्चित त्यालाच महाग पैसा.

त्यात १ एप्रिल २०२५ पासून रेडी रेकनरचे दर वाढले. मुंबईत वाढ ३.३९ टक्के, ठाण्यात ७.७२ आणि उल्हासनगरात ९ टक्के. म्हणजे ज्या भागात माणसे मुंबई परवडत नाही म्हणून गेली, तिथलीच वाढ मुंबईपेक्षा दुप्पट-तिप्पट. मुद्रांक शुल्क याच दरांच्या आधारे आकारतात.

पोटमाळ्यावरचे कुटुंब

आता आपल्याच आंदोलनांकडे थोडे बघू. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांचे घर, तेही त्याच जागेवर आणि मोफत. ही मोठी गोष्ट आहे आणि त्यामागे रहिवाशांचा अनेक वर्षांचा रेटा आहे. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरचा पुनर्विकासही सुरू आहे. ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात जिथे दहा जणांचा जीव गेला, त्या वस्तीला पक्की घरे मिळणार असतील तर आनंदच आहे.

पण पुनर्विकासाची गणना खोलीची होते, माणसांची होत नाही. एका खोलीत तीन भाऊ वाढले, तिघांची लग्ने झाली, एक खाली, एक पोटमाळ्यावर, एक मागच्या बाजूला भाड्याने. पात्र ठरते ते एक घर. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला मोफत घर, २०११ पर्यंतच्या झोपडीला अडीच लाख भरून घर, आणि वरच्या मजल्यावर राहणारा सर्वसाधारणपणे अपात्र. भाडेकरू तर मोजणीतच नसतो. उरलेले दोन भाऊ कुठे जातात? बदलापूरला, टिटवाळ्याला. याशिवाय इमारत बांधून होईपर्यंत पात्र कुटुंबांनाही भाड्याने राहावे लागते. हजारो कुटुंबे एकाच वेळी त्याच परिसरात खोली शोधू लागली की खोल्यांची भाडी चढतात आणि हातात आलेला भाड्याचा धनादेश अपुरा पडतो. पुनर्विकासाची मागणी करताना या दुसऱ्या पिढीचे काय, हा प्रश्न आपल्या निवेदनांत क्वचितच असतो. पात्र-अपात्रतेच्या यादीवरून भावाभावांत जी भांडणे लागली आहेत ती सगळ्यांनी पाहिली आहेत.

भाड्याने घर शोधताना आणखी एक कर लागतो, तो कुठल्याही अर्थसंकल्पात नसतो. दलाल आधी आडनाव विचारतो, मग "नॉनव्हेज खाता का?" विचारतो, मग देव्हाऱ्यात कोण आहे ते बघतो. ज्याला चार ठिकाणी नकार मिळतो तो पाचव्या ठिकाणी सांगतील तेवढे भाडे आणि डिपॉझिट देतो, किंवा स्टेशनपासून आणखी दोन किलोमीटर आत जातो. अकरा महिन्यांनी पुन्हा तेच. या जातीच्या अंतराचे रोजचे रिक्षाभाडे कोण मोजणार?

आणि सगळ्यात स्वस्त घर बहुधा सगळ्यात धोक्याचे असते. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी बनावट कागदपत्रांवर महारेराची नोंदणी मिळवल्याचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि इमारती पाडण्याचा आदेश झाला. नालासोपाऱ्यात २०२५ च्या सुरुवातीला ४१ बेकायदा इमारती पाडल्या गेल्या, शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जण गेले. इमारत अनधिकृत होती. महापालिकेला घरपट्टी, वीज मंडळाला बिल, बिल्डरला पैसे, सगळे मिळाले. घेणाऱ्याला तेवढे घर राहिले नाही. म्हणून महारेराचा क्रमांक दाखवला म्हणजे काम झाले असे समजू नये. महापालिकेच्या नगररचना विभागात बांधकाम परवानगी खरी आहे का हे विचारून घ्यावे.

या सगळ्याचा भार घरातल्या बाईवर सगळ्यात जास्त पडतो. प्रवासाला रोज चार तास आणि दोन हजार रुपये लागतात, पगार बारा हजार, शिवाय मुलांना सांभाळायला कुणी नाही. मग तीच नोकरी सोडते. कर्ज दोन पगारांवर घेतलेले असते आणि फेडावे लागते एका पगारावर. मग बचतगट, मग मायक्रोफायनान्स, मग त्याचा हप्ता फेडायला दुसरा मायक्रोफायनान्स.

विहारांवरही याचा परिणाम दिसतो. जुन्या वस्तीतल्या विहारात रविवारी वंदनेला आता म्हातारी माणसेच जास्त. तरुण १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला येतात, तेही शेवटची लोकल गाठायची म्हणून घड्याळ बघत. नव्या वसाहतीत त्यांना विहारासाठी जागा नाही. जो मुलगा रात्री दहाला घरी पोहोचतो त्याला अभ्यासवर्गाला का येत नाहीस म्हणून बोल लावण्यात अर्थ नाही.

योजना आहेत, पण त्या या माणसापर्यंत येताना अडखळतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच्या रमाई आवास योजनेत शहरी भागात अडीच लाखांचे अनुदान मिळते, पण स्वतःची जागा किंवा कच्चे घर हवे. मुंबई परिसरात भाड्याने राहणाऱ्याकडे जागा कुठून येणार? सिडकोने २६ हजार घरांची योजना आणली तेव्हा दुर्बल घटकांचे तळोज्याचे घर २५ लाखांच्या पुढे आणि अल्प उत्पन्न गटाचे वाशीचे घर ७४ लाखांना निघाले. म्हाडाच्या कोकण मंडळाची ५,२८५ घरांची सोडत ऑक्टोबरमध्ये झाली, अनामत भरून आलेले अर्ज दीड लाखाहून जास्त. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के आरक्षण आहे. महानगर प्रदेशात सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेले कुटुंब अत्यल्प उत्पन्न गटात बसते, म्हणजे आपली बहुसंख्य कुटुंबे. पण आता अर्जाआधीच जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र ऑनलाइन चढवावे लागते. १९५० पूर्वीचा पुरावा शोधत गावाला दोन फेऱ्या मारेपर्यंत मुदत संपते. विहारात वर्षातून दोनदा फक्त या कागदांचे शिबिर घेतले तरी पुढच्या सोडतीत अर्जांची संख्या बदलेल. हे काम मोर्च्याइतके दिसत नाही, म्हणून होत नाही.

म्हाडाच्याच घरांनी आणखी एक गोष्ट शिकवली आहे. विरार-बोळींजची हजारो घरे वर्षानुवर्षे पडून होती, कारण पाण्याचे हाल आणि स्टेशन लांब. म्हणजे लोकांना दोन वह्यांचा एकत्र हिशोब कळतो. तो सरकारला करायला लावायचा आहे.

महापालिका आणि नगरपालिकांच्या रखडलेल्या निवडणुका २०२५-२६ मध्ये झाल्या, त्या पुन्हा येतील. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, ठाणे, वसई-विरार, अंबरनाथ, बदलापूर, सगळीकडे उमेदवार विहारात येतील. पुतळ्याला हार घालतील, समाजमंदिराला पंखे, पेव्हर ब्लॉक, जयंतीला डीजे देऊ करतील. त्यांना विचारायचे प्रश्न साधे आहेत. आमच्या वसाहतीपासून स्टेशनपर्यंत बस किती मिनिटांनी आणि किती वाजेपर्यंत? विद्यार्थी आणि कामगार महिलांना त्या बसचा पास किती रुपयांत? प्रभागातल्या कोणत्या इमारती अनधिकृत आहेत त्याची यादी घर विकले जाण्याआधी दर्शनी भागात लावणार का? महापालिकेच्या आणि शासनाच्या मोकळ्या जागांपैकी भाडेतत्त्वावरच्या घरांसाठी किती राखणार, आणि ती स्टेशनपासून किती अंतरावर? उत्तर तोंडी घेऊ नका. लेटरहेडवर, तारखेसह घ्या आणि विहाराच्या फळ्यावर लावा.